डावीकडे दोन बोटं सैल

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
धायरी, पुणे
७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. निशा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा राखीला तुझे दादा विश्रांतवाडीला येतील, त्यांच्याबरोबर ब्लाउजपिसांची पिशवी देते आहे. तीन पिसं आहेत. हिरवं गौरी बसतील त्या दिवशी नेसायच्या साडीवरचं, ते आधी शिव. गौरी ३१ तारखेला येताहेत, म्हणजे तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. बाकीची दोन दसऱ्याला दिलीस तरी चालेल.

मापाचा ब्लाउज पिशवीत नेहमीचाच आहे. फक्त डावीकडून दोन बोटं सैल ठेव. उजवीकडे आहे तसंच राहू दे, उजवीकडे बसतो. वजन वाढलंय माझं, दुसरं काय! उरलेलं टाकवत नाही, आणि उपवास म्हटला की साबुदाणा, दाणे, तूप. उपवास करून जाड होणारी मी एकटीच असेन.

तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन करायचा. पण आईंना कमी ऐकू येतं म्हणून घरात फोन स्पीकरवर असतो, आणि ब्लाउजची मापं यांच्यासमोर आणि शेजारच्या रंगरावांसमोर सांगायला मला नाही आवडत. पिशवीतली चिठ्ठीच बरी. एकोणीस वर्षं तीच चालली आहे.

आई बऱ्या आहेत. भाग्यश्रीचं कॉलेज सुरू झालं.

तुझी,
वहिनी

•

विश्रांतवाडी
९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा पुरणपोळ्या हाणून आडवा झालाय, तो घोरतोय तोवर लिहिते.

वहिनी, मी एकोणीस वर्षं तुमचे ब्लाउज शिवते आहे. भाग्यश्रीच्या वेळेला वाढलात, मग कमी झालात, पुन्हा वाढलात. पण प्रत्येक वेळी दोन्हीकडून सारख्या. वजन काही डावीकडे बघून चढत नाही. गिऱ्हाईक एका बाजूला सैल मागायला लागलं की मी आता माप घेत नाही, आधी विचारते. आमच्या गल्लीतल्या एका बाईंना मी विचारलं नव्हतं. मुंढा काखेत घट्ट होतोय म्हणाल्या, मी गपगुमान उसवून दिला. तेव्हापासून ही सवय लावून घेतलीय. त्या बाईंबद्दल जास्त लिहीत नाही.

तर विचारते. अंघोळीच्या वेळी आरशासमोर उभं राहून दोन्ही हात वर करा आणि बघा, दोन्हीकडे सारखं दिसतंय का. कुठे कातडी आत ओढल्यासारखी, संत्र्याच्या सालीसारखी, टोक आत गेलेलं, काही पाझरतंय, असं आहे का. मग आडवं पडून तीन बोटांच्या पेरांनी, साबणाच्या हाताने, गोल गोल चाचपा. काखेतसुद्धा. पाळी गेलेल्या बाईने महिन्यातून एक दिवस ठरवायचा. आमच्या इथल्या शिबिरात नर्सबाईंनी आम्हाला असंच दाखवलं. पण त्या हेही म्हणाल्या, चाचपून काही लागलं नाही म्हणून बिनघोर राहायचं नाही, चाळिशीनंतर डॉक्टरांना दाखवायचंच.

हिरवा ब्लाउज कापलेला नाही. उत्तर आल्यावर कापीन.

आपली,
निशा

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
धायरी
१३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. निशास आशीर्वाद.

ब्लाउज शिवायला दिला की जबानी द्यावी लागते हे नव्याने कळलं. उद्या पिको-फॉलला दिलं तर आधारकार्ड मागशील.

काल अंगारकी होती. चंद्रोदयाची वाट बघत बसले होते तेव्हा पुन्हा तुझं पत्र वाचलं आणि मग खोटं लिहवेना. उपवासाच्या तोंडाने तर नाहीच.

गाठ आहे. डावीकडे, काखेच्या बाजूला. भिजवलेल्या वाटाण्याएवढी. चैत्रात हाताला लागली. मी रोजची वही लिहिते, दूध, भाजी, कुणाकडचं हळदीकुंकू, सगळं त्यात असतं. पण हे त्यात लिहायचा धीर झाला नाही. लिहिलं असतं तर खरं झालं असतं.

दुखत नाही निशा. अजिबात दुखत नाही. काही वाईट असतं तर दुखलं नसतं का? म्हणून मी गणपतीला एकवीस अंगारकी-संकष्ट्या बोलले आहे आणि गप्प बसले आहे. आता गौरी आल्या की घर भरलेलं असतं, त्याच्या तोंडावर दवाखाना नको. काही निघालंच तर सणाचा घास कुणाच्या गळ्याखाली उतरणार नाही. यांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, तुला माझी शपथ.

ब्लाउज काप आता.

तुझी,
वहिनी

•

विश्रांतवाडी
१६ ऑगस्ट २०२५

ती. सौ. वहिनींस सा. न.

दुखत नाही म्हणूनच जायचं. नर्सबाईंचं हेच वाक्य मी दुकानात कागदावर लिहून लावलंय, टक्सच्या नमुन्यांच्या शेजारी. ज्या गाठी वाईट असतात त्या बऱ्याचदा सुरुवातीला दुखतच नाहीत. आणि दहातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात, हेही तितकंच खरं. पण साधी आहे की नाही हे बोटांना कळत नाही, माझ्याही नाही आणि तुमच्याही नाही. चैत्र ते श्रावण, वहिनी! पाच महिने तुम्ही वाटाणा भिजत ठेवलात.

येत्या गुरुवारी, २१ तारखेला, सकाळी दहाचं नाव लावलंय. बायकांचाच दवाखाना आहे, डॉक्टर बाई, छातीचा फोटो काढायच्या मशिनवरची मुलगीसुद्धा मुलगीच. पत्ता मागच्या पानावर. गुरुवारी आमच्या इथे लाइट जाते, शिवणाचं मशिन बंद, तेव्हा मी येते बरोबर. नको म्हणणार असाल तर निदान एकट्या तरी जा.

नवस बोललात तो फेडा की. गणपतीने कुठे म्हटलंय डॉक्टरकडे जाऊ नका म्हणून?

हिरवा कापला नाही. रिपोर्ट आल्याशिवाय कापणार नाही. गौरीला जुना ब्लाउज घालून उभ्या राहिलात तर मला नावं ठेवू नका.

आपली,
निशा

•

धायरी
२२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. निशास आशीर्वाद.

तुझा आग्रह म्हणून एकटीच काल जाऊन आले. सगळं ठीक आहे. काळजी करू नये. ब्लाउज गौरीच्या आधी पाठव. मखराचं सामान आणायचंय, गडबडीत आहे.

तुझी,
वहिनी

•

विश्रांतवाडी
२५ ऑगस्ट २०२५

ती. सौ. वहिनींस सा. न.

पत्र मिळालं. चार ओळींचं. तुम्ही मला हळदीचा डबा परत पाठवताना दोन पानं लिहिता.

मी त्या मशिनवर दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेय. दोन पाट्यांमध्ये दाबतात, चिमटा बसतो, क्षणभर डोळ्यांत पाणी येतं. ज्या बायका त्यातून जातात त्या पहिलं तेच सांगतात. तुम्ही रांगेबद्दल कुरकुर केली नाहीत, चिमट्याबद्दल नाही, गार मशिनबद्दल नाही, पंख्याखाली उघडं बसवलं म्हणूनसुद्धा नाही. वहिनी, तुम्ही कुरकुर केली नाहीत म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत.

ब्लाउज शिवून पाठवते आहे, डावीकडे दोन बोटं सैल. सण आहे, भांडत नाही. पण मला खरं सांगा.

निशा

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
धायरी
४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. निशास आशीर्वाद.

परवा गौरी गेल्या. घर एकदम रिकामं झालं. हिरवा ब्लाउज छान बसला, सगळ्यांनी विचारलं कुणी शिवला.

खोटं बोलले ते खरं, पण पूर्ण खोटं नाही. गेले होते मी. डॉक्टरबाईंनी हाताने तपासलं. मऊ बोलतात. त्या म्हणाल्या, गाठ लागतेय, मशिनवर काढून बघू, सोनोग्राफी पण करू. मशिनवरच्या मुलीने आधी काखेतली पावडर पुसायला लावली. मी जाताना पावडर लावून गेले होते, दवाखान्यात घामट नको म्हणून. ती पुसली. मग ती म्हणाली, काकू, गळ्यातलं काढून ठेवा.

माझे हातच वर जाईनात. ती बिचारी म्हणाली, पाच मिनिटांचं काम आहे, इथेच तुमच्या पदरात ठेवा. मी साडी सारखी केली आणि बाहेर आले. सरळ स्टॉपवर येऊन बसमध्ये बसले.

तू हसू नकोस. सत्तावीस वर्षांत मी ते एकदाही काढलेलं नाही. भाग्यश्रीच्या वेळी टाके घातले तेव्हाही नाही. दोरी बदलायची झाली तर आधी हळदीचा दोरा गळ्यात घालते आणि मग ते उतरवते. मी या घरात आले त्या पहिल्या पितृपंधरवड्यात आईंनी मला जवळ बसवून सांगितलं होतं. आणि तेव्हापासून अण्णांच्या श्राद्धाच्या दिवशी, पानं वाढून झाली की, दर वर्षी सांगतात. अण्णा गेले त्या दिवशी पटवेकरी दारात आला, त्यांनी मंगळसूत्र गाठवायला काढून दिलं, दोराही घातला नाही, आणि दुपारी अण्णांची बातमी आली. "माज्या हातानं काढलं म्या. तू ध्यानात ठेव." एवढंच म्हणतात आणि पदर तोंडाला लावतात.

आता सांग, मी कशी काढू? मला काही झालं तर झालं. पण मी काढलं आणि यांना टेम्पोवर काही झालं तर मी आईंच्या शेजारी बसून जन्मभर तेच सांगत बसू का?

गाठ थोडी मोठी लागते. कदाचित माझ्या मनाचा खेळ असेल.

तुझी,
वहिनी

•

विश्रांतवाडी
६ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वहिनी,

तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि शटर अर्धं ओढून बसून राहिले. गिऱ्हाईक परत गेलं.

मला हे माहीतच नव्हतं. आई मला कधीच हे बोललेली नाही. मी लेक, मला सांगून काय करायचं, मी परक्या घरी गेले. तिने ते सुनेला सांगितलं.

वहिनी, मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि घरीच होते. पटवेकरी आला तेव्हा मी उंबऱ्याशी भाकरी खात होते, साडेदहाची शाळा होती. आई त्याच्यासमोर बसून काळे मणी वेगळे करत होती. मला मण्यांशी खेळू देत नव्हती म्हणून मी रुसले होते, ते अजून आठवतं.

आणि मळ्याशेजारचे धोंडिबाकाका दहाव्याला घाटावर बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. मी पोर म्हणून दादाचा हात धरून तिथे उभी होते. त्या सकाळी काका पाण्याच्या पाळीला गेले तेव्हा सात वाजले होते. अण्णा विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेले. हाक मारली, हलवलं, तर अंग गार. मग ते रंगरावांच्या वडिलांची जीप आणायला धावले, दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी सांगितलं की बराच वेळ झालाय. घरी बाईमाणसाला कसं सांगायचं म्हणून दुपारपर्यंत कुणी आलंच नाही.

सात आणि दहा. आईने मंगळसूत्र काढलं त्याच्या आधी तीन तास अण्णा गेलेले होते.

बायका घाटावर जात नाहीत. आई कोपऱ्यात बसलेली होती. तिला हे कुणी सांगितलंच नसणार. मला वाटायचं तिला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत होतं. बत्तीस वर्षं ती ते स्वतःच्या हातावर घेऊन बसली आहे, आणि आता तेच तुमच्या हातावर ठेवलंय.

गुरुवारी, ११ तारखेला येते. तुम्ही काही बोलू नका, मी बोलते. धोंडिबाकाका अजून आहेत, वारज्याला मुलाकडे असतात, त्यांनाही घेऊन येते. आई माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, त्यांच्यावर ठेवेल.

आपली,
निशा

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
धायरी
२६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. निशास अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला रिपोर्टचं कळवलं तेव्हा नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते. त्या गुरुवारी तू आणि धोंडिबाकाका निघून गेल्यावर काय झालं तेही तुला कुठे माहीत आहे?

तुमच्यासमोर आई काकांना "च्या घ्या" एवढंच म्हणाल्या. तुम्ही गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडल्या. शुक्रवारी जेवल्या नाहीत. मला वाटलं, आपण चुकलो, म्हाताऱ्या माणसाचा एक आधार होता, दुःखाचा का असेना, तो काढून घेतला. शनिवारी सकाळी मी देवपूजा करत होते तर मागून म्हणाल्या, "सात वाजता?" मी म्हटलं, हो. "गार व्हतं म्हनला?" हो म्हटलं. मग म्हणाल्या, "म्हंजी मी भाकऱ्या थापत व्हते तवाच." आणि मग रडल्या निशा. बातमी आजच आल्यासारख्या रडल्या. मी घंटा हातात धरून तशीच बसले.

रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि मला म्हणाल्या, "तुला काय झालंय? काका म्हनत व्हता दवाखाना." मी सांगितलं. सगळं, चैत्रापासून. मला म्हणाल्या, "येडी का खुळी? चल." मी म्हटलं, पंधरवडा संपू दे. तर म्हणाल्या, "दवाखान्याला मुहूर्त लागतुय व्हय?"

संध्याकाळी यांना सांगितलं. हे टेम्पोची किल्ली घेऊन खाली गेले, अर्ध्या तासाने वर आले, डोळे लाल. म्हणाले, "इतक्या वेळा त्या पिशव्या घेऊन गेलो मी. माझ्याच हाताने."

मंगळवारी तिघं गेलो. मशिनच्या खोलीत त्या मुलीने आईंनाही आत येऊ दिलं. आईंनी स्वतः माझ्या गळ्यातून काढलं. मला वाटलं हळदीचा दोरा बांधतील. नाही बांधला. आपल्या मुठीत धरलं आणि त्या मुलीला म्हणाल्या, "घे तुझं काम करून, घाई न्हाय." चिमटा बसला, चांगलाच बसला, आणि गार तर असं की बर्फ. आता कुरकुर केली, विश्वास बसला ना?

बाहेर आले तर हे बाकावर चहा पीत बसले होते. मी दोनदा बघितलं. चहाच पीत होते.

मग सुईने तुकडा घेतला, आणि परवा बुधवारी रिपोर्ट आला. गाठ चांगली नाही. पण लहान आहे, दीड सेंटिमीटरच्या आतली. डॉक्टरबाई म्हणाल्या, लवकर आलात. मी म्हटलं, मी उशिराच आले हो, मला आणलं म्हणून वेळेत पोचले. ८ ऑक्टोबरला ऑपरेशन आहे. सगळं काढावं लागणार नाही म्हणाल्या, गाठ आणि तिच्या भोवतीचं थोडं, आणि काखेतलं तपासायला.

भीती वाटते निशा. नामस्मरण करते, मधेच थांबते. देवाला गाठ विरघळव म्हणून मागत होते ते आता मागत नाही. सर्जनबाईंचा हात स्थिर राहू दे, एवढंच मागते.

तुझी,
वहिनी

•

विश्रांतवाडी
२८ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वहिनींस सा. न.

मी सात तारखेला संध्याकाळीच येते, पंधरा दिवस राहते. दुकानावर पाटी लावलीय. नको म्हणू नका, म्हणालात तरी येणारच आहे.

भाग्यश्रीला समोर बसवून सांगा. लपवू नका. तिची आई आहात तुम्ही, डॉक्टर तिलाही विचारतील, तिने कधीपासून तपासून घ्यायचं तेही सांगतील. तिने पाळी संपल्यावर चारपाच दिवसांनी बघायचं असतं, आधी नाही, आधी सगळ्यांनाच गाठी गाठी लागतात. मला तुमच्याशी रक्ताचं नातं नाही, तरी कालच मी पुन्हा मशिनवर जाऊन आले. माझं ठीक आहे. बरं वाटायच्या ऐवजी रडूच आलं. माझं ठीक निघालं आणि तुमचं नाही, याचं.

दादा रोज फोन करून एकच विचारतो, "तिला काय आणू?" काही आणू नकोस म्हटलं, घरात बस तिच्याजवळ.

आपली,
निशा

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
धायरी
२० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. निशास अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घरात कुणी मला ओरडत नाही, चुकल्यासारखं होतं.

काखेतलं सगळं स्वच्छ निघालं ते तुला फोनवर सांगितलंच. किरणांचे शेक सुरू आहेत, नऊ झाले, सहा राहिले. त्या जागची कातडी उन्हात बसल्यासारखी काळवंडली आहे, थकायला होतं, पण स्वयंपाक करते. मग गोळ्या काही वर्षं. डॉक्टरबाईंनी वजन उतरवायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं. सकाळी कालव्याच्या रस्त्याने चाळीस मिनिटं जाते, भाग्यश्री बरोबर असते, तिच्या चालीला माझी चाल पुरत नाही. उपवास सोडलेला नाही. साबुदाणा सोडला. राजगिरा, ताक, काकडी. गणपतीला कळतं, साबुदाणा त्याच्यासाठी नव्हता.

शनिवारी भजनी मंडळात पेटी बंद झाल्यावर मी सगळ्यांना सांगितलं. माझं काय झालं ते, आणि कसं बघायचं ते. आधी सगळ्या खाली बघत होत्या. मग सरुबाई म्हणाल्या, "दार लाव गं." दार लावलं आणि तासभर कुणी उठलं नाही. दोघी जणी पुढच्या आठवड्यात येताहेत माझ्याबरोबर.

आणखी एक सांगायचं राहिलंच. परवा शेकाला गेले तेव्हा आई बरोबर होत्या. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून मी आत गेले. वीस मिनिटांनी बाहेर येते तर बाकावर नुसती काठी. माझा जीव उडाला. तेवढ्यात शेजारच्या तपासणीच्या पडद्याआडून आवाज आला, "हळू गं बाई, हात किती गार तुझा!"

नर्स म्हणाली, आजींनी स्वतःच खिडकीवर जाऊन नाव दिलं. वय विचारलं तर चौऱ्याहत्तर सांगितलं, आणि याआधी कधी तपासलंय का विचारलं तर म्हणाल्या, "मला कोन तपासतंय?"

काही नाही निघालं. बाहेर आल्या, पदर नीट केला, काठी घेतली. मी म्हटलं, आई, मला सांगायचं तरी, मी आले असते की आत.

तर मला म्हणतात, "तुला आनायला समद्यांना सहा म्हैनं लागले. माझं वय हाय व्हय तेवढं थांबायचं? माझी मी गेले."

तुझी,
वहिनी